निवासी डॉक्टरची तीन वर्षे

समुद्राला मिळण्यापूर्वी कावेरी नदी अनेक फाट्यांत विभागते. या फाट्यांमधील सुपीक भूमी म्हणजे तंजावरचा त्रिभुज प्रदेश. कुरुवै, सांबा आणि ताळडी ही येथील भाताची पिके. चिखलात अनवाणी उभे राहून रोपे लावणारा मजूर गंभीर आजारी पडला, की त्याला तंजावरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणले जाते. अशा रुग्णालयात रात्री-अपरात्री रुग्णाला प्रथम भेटतो तो निवासी डॉक्टर.

मराठी वाचकाला तंजावर परके नाही. भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी येथे ‘धन्वंतरी महाल’ ही वैद्यकीय संस्था चालविली. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केल्या आहेत. रुग्णाची हकिगत नीट ऐकून लिहून ठेवणे, हाच आजच्या निवासी डॉक्टरचाही पहिला धडा असतो.

‘निवासी’ हा शब्द अक्षरशः खरा होता. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय 1889 मध्ये सुरू झाले. तेथे विल्यम ऑस्लर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत शिकाऊ डॉक्टर रुग्णालयातच राहत. भारतात एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि एक वर्षाची आंतरवासिता झाल्यावर राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर औषधवैद्यकशास्त्रातील एम.डी.ची तीन वर्षे सुरू होतात. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जात असल्याने सोलापूरचा विद्यार्थीही तंजावरला येऊ शकतो. त्याला औषधांच्या आधी तमिळ शिकावी लागते, कारण ‘कुठे दुखते?’ हा प्रश्न दुभाष्यामार्फत विचारून भागत नाही.

या प्रदेशातील आजार पुस्तकी क्रमाने येत नाहीत. ताप आणि कावीळ घेऊन आलेल्या मजुराला लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो होतो. दुसऱ्या एखाद्याच्या काखेत किंवा जांघेत लहानशी काळी खपली सापडते आणि स्क्रब टायफसचे निदान होते. अशा वेळी डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध प्राण वाचवते. परंतु ती खपली शोधण्यासाठी रुग्णाचे सर्व शरीर तपासावे लागते, आणि थकलेला डॉक्टर नेमके तेवढेच टाळतो.

मण्यारीचा दंश याहून फसवा. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. सूज नसते, खूण दिसेलच असे नाही. पहाटे तो पोटदुखीची तक्रार घेऊन येतो. त्याच्या पापण्या जड होत आहेत हे लक्षात आले नाही, तर काही तासांत श्वास बंद पडू शकतो.

म्हणूनच डॉक्टरच्या झोपेचा प्रश्न हा रुग्णाचाही प्रश्न आहे. 1992 च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग बारा तासांहून अधिक काम नसावे, असे म्हटले होते. प्रत्यक्षात चोवीस ते छत्तीस तासांची पाळी अनेक ठिकाणी नित्याची राहिली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत ‘वाजवी’ तास असा शब्द आहे. वाजवी म्हणजे किती, हे तेथे लिहिलेले नाही.

प्रबंध, लेखी परीक्षा आणि रुग्णासमोरची तोंडी परीक्षा यांखेरीज आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणेही सक्तीचे आहे. तेथे मोठी यंत्रे असतीलच असे नाही. घोणस चावलेला शेतकरी आला, तर त्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवतात. मग नळी कलती करून पाहतात. रक्त गोठले नसेल, तर विष भिनले आहे असे समजून सर्पदंशावरील लस ताबडतोब सुरू करतात. ही लस बनविण्यासाठी लागणारे विष चेन्नईजवळील इरुळा आदिवासींची, 1978 मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था पुरवीत आली आहे. लस चालू असताना रुग्णाच्या अंगावर पित्त उठते का, रक्तदाब घसरतो का, हे पाहत निवासी डॉक्टर खाटेजवळच थांबतो आणि सहा तासांनी पुन्हा नळीत रक्त घेतो.