तांबड्या पेशीवरची साखर

मधुमेह म्हटला की आपल्याला बिनसाखरेचा चहा आठवतो. पण वाढलेल्या साखरेशी रात्रंदिवस गाठ पडते ती तांबड्या पेशीची. ही पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिला केंद्रक नाही. त्यामुळे बिघडलेले प्रथिन टाकून नवे घडवण्याची सोय तिच्यापाशी नाही. साखर आत शिरायला इन्सुलिनही लागत नाही. आत गेलेली साखर हिमोग्लोबिनला चिकटून बसते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेहरानच्या सॅम्युअल राहबर यांना मधुमेही रक्तात असे हिमोग्लोबिन जास्त आढळले, आणि पुढे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी 'एचबीए१सी' तपासणी रूढ झाली.

पेशीचे पटल म्हणजे मेदाचा दुहेरी थर, आणि त्याला आतून स्पेक्ट्रिन या प्रथिनाची जाळी. ढिवरांच्या जाळ्यासारखी ती ताणते व पुन्हा सावरते. सात-आठ मायक्रॉन रुंदीची पेशी तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून निघते ती याच लवचिकपणामुळे. साखर व ऑक्सिडीकरण यांनी पटल बिघडले की पेशी ताठर होते, शेजारणीला चिकटते. डोळ्याचा पडदा व मूत्रपिंड यांच्या हानीला वाहिन्यांच्या भिंतीही कारण असतात, पण या ताठर पेशींचाही त्यात वाटा आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये केली. आपण धान कापतो त्या विळ्याच्या आकाराची होणारी ही पेशी, आजार पूर्ण असल्यास, दहा ते वीस दिवसच जगते. साखर चिकटायला तिला वेळच मिळत नाही! रक्तात साखर भरपूर, आणि अहवालात आकडा कमी. वाहकाच्या बाबतीतही आकडा थोडा कमी दिसू शकतो.

माझ्या मोठ्या आईला दोन्ही आजार आहेत. अहवाल म्हणे साखर काबूत. बोट टोचून पाहिले तर उपाशीपोटी २१०.

अशा रुग्णाची साखर थेट मोजावी लागते, किंवा रक्तद्रवातील प्रथिनांवरून दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामीन तपासणी करावी लागते. मात्र आपल्याला सिकलसेल आहे हे आधी ठाऊक हवे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत तपासणीसाठी ४० वर्षांपर्यंतचे वय धरले होते. पुष्कळांना मधुमेह गाठतो तो त्यानंतर.