विश्लेषण : क्लासिक अमेरिकी मोटारींचे मोल गिअरबॉक्सवरून का ठरते?

जून २०१४ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे 'मेकम'च्या लिलावात १९७१ सालची प्लायमाउथ 'हेमी कुडा' कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरना विकली गेली. या प्रकारच्या अवघ्या ११ गाड्या तयार झाल्या होत्या. त्यातही कारखान्यातूनच चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स घेऊन निघालेल्या मोजक्याच. विकली गेलेली गाडी त्यापैकी एक होती. क्लासिक अमेरिकी मोटारींच्या रिस्टोरेशनमध्ये मूळ गिअरबॉक्सला एवढे महत्त्व का? तो अस्सल आहे हे कसे ओळखतात? आणि तो दुरुस्त करायचा की बदलायचा?

मॅन्युअल गाड्या दुर्मीळ का?

जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्डस्मोबाइल मॉडेलसाठी 'हायड्रा-मॅटिक' हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. पुढच्या दोन दशकांत अमेरिकी ग्राहक ऑटोमॅटिककडे वळला. मॅन्युअल उरला तो प्रामुख्याने दोन टोकांना. एका टोकाला स्वस्त गाड्या, ज्यांत तीन गिअर आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर लिव्हर असे. मुंबईतील 'पद्मिनी' टॅक्सीत बसलेल्यांना स्टिअरिंगजवळचा हा लिव्हर आठवत असेल. फक्त पद्मिनीला गिअर चार होते.

दुसऱ्या टोकाला मोठ्या व्ही-८ इंजिनाच्या वेगवान गाड्या. त्यांत लिव्हर फ्लोअरवर असे. १९६४ च्या पॉन्टिॲक 'जीटीओ'वर तीन गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स मूळ किमतीत मिळे, चार गिअरसाठी जादा पैसे मोजावे लागत. त्यामुळे गाडी 'मॅन्युअल' आहे एवढ्याने भागत नाही. कोणता गिअरबॉक्स बसवला होता, हे पाहावे लागते.

कोणते गिअरबॉक्स प्रसिद्ध?

१९५७ मध्ये शेव्हर्ले 'कॉर्व्हेट'मध्ये बोर्गवॉर्नरचा चार गिअरचा 'टी-१०' आला. १९६३ पासून जनरल मोटर्सने इंडियाना राज्यातील मन्सी येथे बनलेला स्वतःचा गिअरबॉक्स वापरायला सुरुवात केली. त्याचे तीन प्रकार होते : 'एम-२०', 'एम-२१' आणि 'एम-२२'. एम-२२ च्या गिअरचे दाते इतरांपेक्षा कमी तिरपे कापलेले असल्याने तो जास्त भार सोसे, पण घरघर करी. म्हणून त्याला 'रॉक क्रशर' हे नाव पडले. १९६४ मध्ये फोर्डचा 'टॉपलोडर' आणि क्रायसलरचा 'ए-८३३' आला. टॉपलोडरचे झाकण वरच्या बाजूला असते, त्यावरून त्याचे नाव पडले.

अस्सल कसा ओळखतात?

मन्सी गिअरबॉक्सवर 'पी' या अक्षराने सुरू होणारा कोड ठोकलेला असतो. त्यात वर्ष, महिना आणि तारीख असते. १९६९ पासून शेवटी आणखी एक अक्षर आले : 'ए' म्हणजे एम-२०, 'बी' म्हणजे एम-२१ आणि 'सी' म्हणजे एम-२२. याशिवाय १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या अनेक अमेरिकी गाड्यांच्या गिअरबॉक्सवर गाडीच्या ओळख क्रमांकाचा काही भागही ठोकलेला सापडतो. तो गाडीच्या क्रमांकाशी जुळला, तर त्याला 'मॅचिंग नंबर्स' म्हणतात.

हे नंबर खोटेही ठोकले जातात. म्हणून जाणकार गाडीच्या सांगाड्याकडेही पाहतात. क्रायसलरच्या त्या काळातील चार गिअरच्या गाड्यांत फ्लोअरला वेगळा उंचवटा वेल्ड केलेला असे आणि बॉनेटखालच्या पत्र्याच्या पट्टीवर 'डी-२१' हा कोड असे. फोर्डमध्ये दाराजवळच्या पट्टीवर गिअरबॉक्सचा कोड मिळतो. ऑटोमॅटिक गाडीला नंतर क्लच पेडल जोडले असेल, तर ब्रॅकेट, छिद्रे आणि वेल्डिंगच्या खुणा ते सांगून जातात.

मूळ गिअरबॉक्स इतके कमी का उरले, याचे कारण साधे आहे. या गाड्या शर्यतीत आणि रस्त्यावर दामटल्या गेल्या. गिअरबॉक्स फुटला की मालक मिळेल तो दुसरा बसवून मोकळा होई. त्या वेळी ती फक्त जुनी गाडी होती.

आत नेमके काय झिजते?

गिअर बदलताना दोन भागांचा वेग जुळवण्याचे काम पितळी सिंक्रो रिंग करते. ती झिजली की गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो. गिअर आपोआप सुटत असेल, तर दाते, फोर्क किंवा बेअरिंग झिजल्याची शक्यता असते. पहिला अंदाज ऑइल काढतानाच येतो. पितळी चमक दिसली तर रिंग गेली आणि पोलादाचे तुकडे निघाले तर प्रकरण गंभीर असते.

मन्सीचे कवच ॲल्युमिनियमचे आहे. काउंटरशाफ्ट बसतो ते भोक कालांतराने मोठे होते, तेथून ऑइल गळते. फक्त सील बदलून हा दोष जात नाही. भोक मशिनवर नीट करून घ्यावे लागते. याच शाफ्टवर सुईसारखे बारीक रोलर डझनांनी असतात. ते ग्रीसमध्ये चिकटवून एकेक बसवावे लागतात. सुट्या भागांतही फसगत होते. १९६५ पर्यंत हा शाफ्ट ७/८ इंच जाडीचा होता, १९६६ पासून तो एक इंचाचा झाला. 'मन्सीचा शाफ्ट' एवढेच सांगून मागवला, तर चुकीचा येऊ शकतो.

ऑइलची निवडही महत्त्वाची. मागच्या ॲक्सलसाठीच्या अनेक 'जीएल-५' ऑइलमधील रसायने पितळी रिंगला घातक ठरू शकतात. म्हणून जुन्या गिअरबॉक्ससाठी सहसा 'जीएल-४' सुचवले जाते.

दुरुस्ती की बदल?

चार गिअरच्या या गिअरबॉक्सना ओव्हरड्राइव्ह नसतो. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. मागच्या ॲक्सलचा रेशो ४.१० आणि टायरचा व्यास २६ इंच धरला, तर ताशी १०० किमीला इंजिन सुमारे ३,३०० आरपीएमवर जाते. ०.६८ रेशोचा पाचवा गिअर असलेला नवा गिअरबॉक्स लावला, तर तोच आकडा सुमारे २,२५० वर येतो. आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाचते. त्यामुळे गाडी रोज चालवणारे काही जण 'ट्रेमेक'सारख्या कंपनीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवतात.

मात्र त्यासाठी फ्लोअर कापला किंवा मूळ गिअरबॉक्स विकून टाकला, तर मागे फिरता येत नाही. काहीही न कापता नवा बसवणे आणि जुना ऑइल लावून, गुंडाळून गाडीसोबत जपणे हा मधला मार्ग आहे. पुढचा मालक तो पुन्हा बसवू शकतो.

भारतात काय स्थिती?

अमेरिकी गाड्यांशी मुंबईचे नाते जुने आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीत जुळणी कारखाना सुरू केला होता. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायसलरच्या परवान्यावर डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो गाड्या जुळवल्या.

केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' मालिकेतील क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. गिअरबॉक्सचा त्यात वेगळा उल्लेख नाही. पण तो बदलण्यासाठी चॅसिस किंवा फ्लोअर कापावा लागला, तर 'मूळ स्वरूपा'चा प्रश्न उभा राहू शकतो.

म्हणून गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवला की घासणे, रंगवणे नंतर. आधी त्यावरच्या प्रत्येक नंबरचा स्पष्ट फोटो काढावा. वायर ब्रश किंवा सँडब्लास्टिंगने पुसलेला नंबर परत आणता येत नाही, आणि तो पुन्हा ठोकला तर खरी गाडीही खोटी वाटू लागते.