जुन्या पिकअपचा सेल्फ

पौषातल्या थंडीत आदिलाबाद जिल्ह्यातील कास्तकाराची पहाट कापसाच्या गाडीभोवती होते. पैनगंगेकाठच्या जैनथ, बेला या भागांतून आदिलाबादच्या बाजाराकडे माल निघतो. रात्रीच भरून ठेवलेल्या जुन्या पिकअपची किल्ली फिरवावी आणि गाडीने नुसता ‘टक्’ असा आवाज करून स्वस्थ बसावे, हा प्रसंग तेथे नवा नाही. तेलंगणातील अतिशय थंड भागांत या जिल्ह्याची गणना होते. थंडीत इंजिनातले तेल घट्ट होते, बॅटरीचा जोर उतरतो, आणि दोहोंचा भार सेल्फवर येऊन पडतो. इकडे उघड्या गाडीतला कापूस दव पितो. आधारभावाने खरेदी करणारे भारतीय कापूस महामंडळ 8 टक्क्यांपुढील ओलाव्याला भाव कापते, आणि 12 टक्क्यांहून ओला माल घेतच नाही. तेव्हा गाडी न निघणे म्हणजे केवळ खोळंबा नव्हे. पदरचे पैसे जाणे होय.

इंजिन चालू करणाऱ्या या विजेच्या मोटारीला पुस्तकात स्टार्टर म्हणतात. पण गॅरेजात मराठी, तेलुगू, हिंदी कोणतीही भाषा चालो, तिचे नाव एकच – सेल्फ. पूर्वी मोटारीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवावे लागे, आणि ते उलट फिरले की मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने 1911 च्या सुमारास विजेचा स्टार्टर सिद्ध केला व 1912 च्या कॅडिलॅक मोटारींना तो बसविण्यात आला. चालकाने हात न लावता गाडी आपली आपण सुरू होते, म्हणून ती ‘सेल्फ’ने सुरू होते असे लोक म्हणू लागले.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे विसाव्या हिश्शापर्यंत दाबून तापवावयाची आणि त्या उष्णतेने डिझेल पेटवावयाचे, अशी त्याची रीत. हा दाब निर्माण होण्याइतक्या वेगाने ते जड इंजिन फिरविण्याचे काम हातात मावेल एवढ्या मोटारीला करावे लागते. किल्ली फिरताच सेल्फच्या पाठीवरील सोलेनॉइड, म्हणजे विद्युत्चुंबकाचा डबा, दोन कामे करतो : छोटे दंतचक्र पुढे सरकवून फ्लायव्हीलच्या दातेरी कड्यात गुंतवितो, आणि जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह मोटारीला जोडून देतो. समोरचा एक दिवा सुमारे पाच अँपिअर घेतो. सेल्फ त्या क्षणी काही शे अँपिअर ओढतो. म्हणूनच बॅटरीच्या टोकावर साचलेली पांढरी-हिरवी बुरशीही त्याला अडवू शकते.

येथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. सेल्फ बदलण्याची घाई होते आणि दोष निघतो बॅटरीत. दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले व ‘टक-टक-टक’ असा आवाज झाला, तर आधी बॅटरी व तिची टोके पाहावीत. दिवे तसेच प्रखर राहून एकदाच ‘टक्’ झाले, तर सोलेनॉइडचे संपर्क किंवा आतील कार्बन झिजल्याचा संशय घ्यावा. मोटार भुर्रकन फिरते पण इंजिन हलत नाही, तेव्हा दोष दंतचक्राचा किंवा त्याच्या क्लचचा. कार्बन वा बुश झिजले असल्यास आख्खा सेल्फ फेकण्याचे कारण नाही. वाइंडरकडे ते थोडक्या खर्चात बदलून मिळतात. आर्मेचर जळून काळे पडले असेल, तर मात्र दुसरा सेल्फ घेणे शहाणपणाचे.

बदलताना गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, चाकांना दगड लावून उभी करावी. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. हा क्रम उगाच नाही : गाडीचे सारे अंग ऋण टोकाला जोडलेले असते, धन तार सोडताना पाना अंगाला टेकला की लखकन ठिणगी पडते, आणि कापूस भरलेल्या गाडीपाशी ठिणगीचा अर्थ सांगावयास नको. नंतर सोलेनॉइडवरील जाड व बारीक तारांना खूण करून त्या काढाव्यात. सेल्फला दोन किंवा तीन बोल्ट असतात. शेवटचा सोडताना खालून हाताचा आधार हवा, कारण तो दिसतो त्याहून जड असतो.

जुना निघाला की त्या भोकातून फ्लायव्हीलचे दात पाहावेत. इंजिन थोडे थोडे फिरवून पूर्ण कडे तपासावे. तुटक्या दातांवर नवा सेल्फही टिकत नाही. नव्याचे दात, फिरण्याची दिशा आणि बारा व्होल्ट, ही तिन्ही जुन्याशी जुळली पाहिजेत. बसविण्याची जागा घासून स्वच्छ करावी. पुष्कळ गाड्यांत परतीचा प्रवाह तेथूनच जातो, आणि तेल-मातीचा थर राहिला तर कोरा सेल्फही अशक्त वाटतो. बोल्ट आळीपाळीने आवळावेत, तारा खुणेप्रमाणे जोडाव्यात, आणि ऋण तार सर्वांत शेवटी.

सोलेनॉइडच्या दोन टोकांवर पाना टेकवून गाडी सुरू करण्याची एक युक्ती रस्त्यावर सर्रास चालते. गाडी गिअरमध्ये राहिली असेल, तर ती खाली वाकलेल्या माणसाच्या अंगावर जाते. त्यापेक्षा चार माणसांनी धक्का मारलेला बरा. पण भरलेली पिकअप चढावर ढकलली जात नाही, हेही तितकेच खरे. नवा सेल्फ बसल्यावर किल्ली एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक धरू नये, व दुसऱ्या खेपेपूर्वी अर्धा-एक मिनिट थांबावे. तेवढ्या अवधीत तांब्याची वेटोळी निवतात आणि बॅटरीही थोडी सावरते.