वाटीतला केक आणि वरचा पाक

चॉकलेटचे वाटीएवढे छोटे केक भाजायचे आणि वाढताना त्यांवर काजू, अक्रोड किंवा शेंगदाणे घातलेला दाट, तपकिरी कॅरमेल ओतायचा, असा एक पाश्चात्त्य गोड पदार्थ आहे. त्यात एक गमतीचा प्रश्न दडलेला आहे. केकमध्ये भरपूर साखर असते. तो १८० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वीसेक मिनिटे राहतो, तरी आतून मऊ व ओलसरच असतो. पातेल्यातली साखर मात्र तेवढ्याच उष्णतेने तपकिरी होते, आणि जरा दुर्लक्ष झाले की जळते. साखर तीच, मग असे का?

पाण्याचा पहारा

केकच्या मिश्रणात दूध आणि अंडी असतात, म्हणजेच भरपूर पाणी असते. पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते. १ ग्रॅम पाण्यासाठी सुमारे ५४० कॅलरी. हाच आपण वर्गात शिकवतो तो अप्रकट उष्मा. त्यामुळे ओव्हन कितीही तापलेला असला, तरी केकच्या आतले तापमान १०० अंशांच्या थोडे खालीच राहते. अंड्यातली प्रथिने घट्ट व्हायला आणि पिठातला स्टार्च फुगायला एवढे तापमान पुरते. साखरेचा रंग पालटायला ते पुरत नाही.

केकचा पृष्ठभाग मात्र लवकर कोरडा होतो. तिथला पहारा उठतो, तापमान शंभरापुढे जाते आणि खरपूस पापुद्रा धरतो. साध्या केकवर हा बदल डोळ्यांना दिसतो. चॉकलेटचा केक आधीच तपकिरी असल्याने रंगावरून काही कळत नाही; म्हणून विणकामाची सुई खुपसून, तिला मिश्रण चिकटते का ते पाहतात.

केक छोटे का? बुडबुड्यांनी भरलेल्या मिश्रणातून उष्णता सावकाश आत जाते. अंतर दुप्पट झाले, तर वेळ साधारण चौपट लागतो. मोठ्या केकचा मध्य शिजेपर्यंत कडा सुकून जातात. छोट्या केकमध्ये हा फरक कमी राहतो.

तारेपासून कॅरमेलपर्यंत

आता पाकाकडे वळू. साखर विरघळली की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. पाणी जसजसे उडून जाते, तसतसा पाक अधिक तापतो. एकतारी पाक सुमारे १०५ अंशांना होतो, गोळीबंद पाक ११५ च्या आसपास आणि साखरेच्या चिक्कीचा कडक पाक १५० च्या आसपास. चिमटीत पाकाची तार धरून पाहणारी गृहिणी खरे तर पाकात किती पाणी उरले आहे, हेच मोजत असते.

साधारण १६० अंशांपुढे पाणी जवळजवळ संपलेले असते. आता साखरेचे रेणूच तुटू लागतात. त्यांतून पाण्याचे रेणू बाहेर पडतात, उरलेले तुकडे एकमेकांशी जोडले जातात आणि रंग, वास व किंचित कडूपणा देणारी शेकडो नवी संयुगे तयार होतात. याला कॅरमेलीकरण म्हणतात. आणखी तापवले, तर शेवटी काळा कोळसा उरतो.

शेंगदाण्यात पाणी जेमतेम ५-६ टक्के असते. त्यामुळे भाजताना त्याचे तापमान झटकन शंभरापुढे जाते. तिथे मात्र वेगळी अभिक्रिया घडते. प्रथिनांतली अमिनो आम्ले आणि साखर यांच्या संयोगातून तो खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले. पावाचा लालसर पापुद्रा हेही तिचेच काम.

शेवटी कॅरमेलमध्ये लोणी आणि साय घालतात. सायीतल्या पाण्यामुळे पहारा पुन्हा बसतो, तापमान घसरते आणि जळणे थांबते. पण त्या क्षणी सावध राहायला हवे. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १६०० पट वाढते, त्यामुळे मिश्रण उसळते. तापलेला कॅरमेल कातडीला चिकटतो आणि खोल भाजतो. म्हणून पातेले मोठे घ्यावे, साय कोमट करून थोडी थोडी घालावी आणि मुलांना दूर ठेवावे. शाळेतला ११० अंशांपर्यंतचा तापमापक पाकात बुडवू नये, तो फुटेल.

वर्गासाठी

'साखर वितळली आणि तपकिरी झाली' असे विद्यार्थी एका दमात सांगतात. त्यांना विचारा : यातला भौतिक बदल कोणता आणि रासायनिक कोणता? पाक संथपणे थंड होऊ दिला, तर त्यातून खडीसाखर परत मिळते. कॅरमेलमधून साखर परत मिळेल का?

पाण्याचा पहारा वर्गात दाखवायचा असेल, तर साध्या कागदाची घडी घालून छोटा डबा करा, त्यात पाणी भरा आणि तो तिवईवरच्या जाळीवर ठेवून खालून मेणबत्तीची लहान ज्योत द्या. पाण्याच्या पातळीच्या वर ज्योत लागू देऊ नका. पाणी तापेल, पण कागद पेटणार नाही. कागद केव्हा पेटेल, हे आधी विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. मग विचारा : या प्रयोगातला कागद म्हणजे केकमधले काय?