ऑफिसच्या सर्चमध्ये सगळ्यांच्या पगाराची फाइल कशी दिसते? ‘कनेक्टर’चं काम समजून घ्या

मोठ्या कंपनीत माहितीचा तुटवडा सहसा नसतो. अडचण असते ती माहिती कुठे ठेवली आहे याची. करार शेअरपॉइंटवर, आयटीच्या तक्रारींची तिकिटं सर्व्हिसनाऊमध्ये, सॉफ्टवेअरमधल्या बगची नोंद जिरामध्ये, ग्राहकांचा तपशील सेल्सफोर्समध्ये आणि खरा निर्णय मात्र एखाद्या स्लॅक चॅनलमधल्या तीन ओळींत. नवा माणूस शेजारच्याला विचारतो, आणि शेजारचा नेमका रजेवर असतो.

यावर उपाय म्हणून कंपन्या एकच सर्च बॉक्स देतात. तिथे टाइप करा, सगळीकडचं उत्तर एका जागी मिळेल. कल्पना जुनीच आहे. गुगलने २००२ मध्ये कंपन्यांना अंतर्गत सर्चसाठी चक्क एक यंत्र विकायला सुरुवात केली होती. ‘सर्च अप्लायन्स’ नावाचं, सर्व्हर रूममध्ये बसवायचं. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये नॉर्वेची ‘फास्ट’ ही सर्च कंपनी सुमारे १.२ अब्ज डॉलरला घेतली. आता एआय आल्यावर हा विषय पुन्हा तापला आहे, कारण कोपायलट किंवा ग्लीनसारखी साधनं नुसती फाइल शोधून थांबत नाहीत. ती फाइल वाचून थेट उत्तर लिहून देतात.

पण ज्या प्रणाली सर्च बॉक्सच्या बाहेर आहेत, त्यांतली माहिती आत येते कशी? त्या मधल्या दुव्याला ‘कनेक्टर’ म्हणतात.

कनेक्टर नेमकं करतो काय?

पद्धती दोन आहेत. पहिली, सूची बनवण्याची. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी कुठला शब्द कुठल्या पानावर आहे याची यादी असते, तसंच हे. कनेक्टर ठरलेल्या वेळी बाहेरच्या प्रणालीत जातो, प्रत्येक तिकीट, पान किंवा फाइल वाचतो आणि त्यातला मजकूर सर्चच्या इंडेक्समध्ये नोंदवतो. शीर्षक, लेखक, तारीख अशी माहितीही सोबत घेतो. दुसरी पद्धत थेट विचारण्याची. इथे आधी काहीच साठवत नाहीत. कुणी प्रश्न विचारला की तो त्याच क्षणी मूळ प्रणालीकडे जातो आणि तिथून आलेलं उत्तर दाखवलं जातं. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुलं केलेलं ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे एआयला बाहेरच्या प्रणालींशी असं थेट जोडण्यासाठीच वापरलं जातं.

सूचीमुळे उत्तर झटपट मिळतं, पण ते थोडं शिळं असू शकतं. थेट विचारलं तर उत्तर ताजं असतं, मात्र मूळ प्रणाली संथ असेल किंवा तिचा सर्च कच्चा असेल तर तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

खरी मेख परवानगीत

मजकूर आणणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. कठीण आहे ते मजकुरासोबत ‘हे कोण पाहू शकतो’ ही यादीही आणणं. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत इंडेक्समधल्या प्रत्येक नोंदीला अशी यादी जोडावी लागते. एखाद्या व्यक्तीला एका गटातून परवानगी आणि दुसऱ्या गटातून मनाई असेल, तर मनाई वरचढ ठरते.

आता एकच कर्मचारी जिरामध्ये एका नावाने, सेल्सफोर्समध्ये दुसऱ्या ईमेलने आणि ऑफिसच्या मुख्य खात्यात तिसऱ्याच आयडीने ओळखला जात असेल, तर? ही तिन्ही खाती एकाच माणसाची आहेत हे कनेक्टरला सांगावं लागतं. ही जुळणी फसली तर त्या कर्मचाऱ्याला स्वतःचीच तिकिटं सर्चमध्ये दिसत नाहीत. तक्रारी वाढतात. मग वैतागलेला अॅडमिन सेटिंगमध्ये जातो आणि ‘ज्यांना मूळ प्रणालीत परवानगी आहे त्यांनाच’ हा पर्याय काढून ‘सर्वांना’ निवडतो. तक्रारी थांबतात, पण त्या प्रणालीतलं सगळं आता सगळ्यांना दिसू लागतं.

वेळेचाही प्रश्न आहे. कनेक्टर अधूनमधून फक्त बदललेल्या नोंदी वाचतो आणि बऱ्याच अंतराने सगळं पहिल्यापासून वाचतो. मूळ प्रणालीत फाइल डिलीट झाली किंवा कुणाची परवानगी काढली, तरी पुढची फेरी होईपर्यंत इंडेक्सला त्याचा पत्ता नसतो. अनेक कनेक्टरना डिलीट झालेली नोंद फक्त संपूर्ण फेरीतच कळते.

मग पगाराची फाइल?

त्यात बहुतेकदा हॅकिंग नसतं, आणि कनेक्टरचा दोषही नसतो. कधीतरी कुणीतरी घाईत फोल्डर ‘कंपनीतल्या सर्वांसाठी’ शेअर केलेला असतो. तो तिथे आहे हे कुणाला माहीत नव्हतं, एवढंच त्याचं कुलूप होतं. चांगला सर्च आला की ते कुलूप गळून पडतं. सर्च नियम पाळतोय, चूक मूळ नियमात आहे. कोपायलट आल्यावर ही भीती इतकी वाढली की मायक्रोसॉफ्टला २०२४ मध्ये एक तात्पुरती सोय द्यावी लागली. कंपनीने निवडलेल्या जास्तीत जास्त १०० शेअरपॉइंट साइटपुरताच कंपनीभराचा सर्च मर्यादित ठेवता येतो.

भारतात हा विषय नुसत्या कुजबुजीपुरता राहत नाही. पगारपत्रकात पॅन, आधार, बँक खातं असतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

बाहेरून आलेला मजकूर

धोका उलट दिशेनेही येतो. ग्राहकाचं तिकीट किंवा ईमेल कुणीही बाहेरचा माणूस लिहू शकतो, आणि एआय ते वाचतो. २०२५ मध्ये एम लॅब्सच्या संशोधकांनी ‘इकोलीक’ नावाची त्रुटी उघड केली. साध्या दिसणाऱ्या ईमेलमध्ये दडवलेल्या सूचनांमुळे कोपायलट कंपनीची आतली माहिती बाहेर पाठवू शकत होता, तेही कुणी कशावरही क्लिक न करता. मायक्रोसॉफ्टने ती त्रुटी दुरुस्त केली आणि कुठल्याही ग्राहकाला फटका बसला नसल्याचं सांगितलं.

दार कुणाच्या हातात?

माहिती कंपनीची असली तरी दार दुसऱ्याच्या ताब्यात असतं. सेल्सफोर्सच्या मालकीच्या स्लॅकने मे २०२५ मध्ये अटी बदलल्या. इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरने स्लॅकचे मेसेज मोठ्या प्रमाणात उतरवून घेणं आणि कायमचे साठवणं यावर बंधन आलं. ग्लीनसारख्या सूची बनवणाऱ्या साधनांना याचा थेट फटका बसतो, ग्राहकाची संमती असली तरी. विशेष म्हणजे सेल्सफोर्स स्वतःही एआय सर्च विकते.

नवा कनेक्टर सुरू करण्याआधी करायची तपासणी मात्र साधी आहे. कमीत कमी परवानग्या असलेलं एक खातं घ्यायचं, एखाद्या नव्या प्रशिक्षणार्थीचं असतं तसं. त्यातून ‘पगार’, ‘पासवर्ड’, ‘राजीनामा’, ‘गोपनीय’ हे शब्द मराठीत आणि इंग्रजीत शोधायचे. जे दिसतं ते आधी मूळ जागी बंद करायचं आणि मगच सर्च सगळ्यांसाठी खुला करायचा.