पानगळ आणि पेरणी

गच्चीवरची परसबाग : लेख ६

वसंत पंचमी होऊन गेली की ओळखीची माणसं भेटल्यावर एकच विचारतात, "थंडी सरली, आता काय लावू?" प्रश्न रास्त आहे. पण त्यामागे पुष्कळदा परक्या मुलखातलं चित्र असतं. जिथे हिवाळाभर जमीन गोठलेली असते, तिथे वसंत म्हणजे सुटका. माती मोकळी होते आणि पालक, मटार, कोबी पेरायची घाई उडते. आपल्याकडे देशावर याच भाज्या दिवाळीच्या आसपास पेरल्या जातात आणि माघ संपता संपता त्यांचं आवरत येतं. पुण्यात फेब्रुवारीच्या मध्यावर पहाटे अंगावर शाल लागते आणि दुपारी पारा ३२ अंशांपर्यंत जातो. महिनाभरात तोच ३६च्या घरात. त्यामुळे आपली वसंतातली पेरणी ही उन्हाच्या एक पाऊल पुढे राहून करायची पेरणी आहे. येत्या तीन आठवड्यांत बी मातीत गेलं, तर वैशाखापर्यंत मुळं खोल जातात आणि झाड तग धरतं.

मागच्या लेखात डबे, कुंड्या आणि मातीचं मिश्रण झालं. आता त्यात काय जाईल ते पाहू. आधी काय जाऊ नये तेही सांगायला हवं.

टोमॅटोची रोपं आज आणून लावू नका. रोपवाटिकेत ती फार देखणी दिसतात. पण त्यांना फुलं येतील तेव्हा एप्रिल उजाडलेला असेल. दिवसा ३५च्या वर आणि रात्री २४च्या वर पारा राहिला की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात. फूल येतं, वाळतं आणि देठाशी गळून पडतं. खतं ओतूनही ते थांबत नाही. पालकही ऊन वाढलं की पानं सोडून तुऱ्याला लागतो.

कोथिंबिरीबाबत मी एवढी कडक नाही, कारण ती घरात हवीच असते. फक्त ती आता तीन-चार आठवड्यांचं पीक आहे हे धरून चाला. अख्खा धणा पेरू नये. तो दिसतो एक, पण त्यात दोन बिया पाठीला पाठ लावून बसलेल्या असतात. चपलेच्या तळाने किंवा लाटण्याने हलके रगडून धणे दुभंगवा, रात्रभर भिजवा आणि पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, कधी थोडे जास्त. तेवढ्यात माती एकदा जरी सुकली तरी कोंब मरतो. डबा सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या सावलीत ठेवा. एकदम सगळे धणे न पेरता दर दहा दिवसांनी मूठभर पेरले तर घरात खंड पडत नाही.

उन्हाळ्याचा खरा गडी म्हणजे भेंडी. तिला थंड माती सोसत नाही. जानेवारीच्या गारठ्यात टाकलेलं बी नुसतं पडून राहतं, कधी कुजतं. आता माती कोमट झाली आहे. बियांचं कवच टणक असतं, म्हणून रात्रभर भिजवून अर्धा-पाऊण इंच खोल पेरावं. बाराइंची कुंडीत एकच झाड. तेलाचा पंधरा किलोचा डबा आडवा कापला तर त्यात दोन. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला 'परभणी क्रांती' हा वाण मला गच्चीसाठी आवडतो. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा, पानांच्या शिरा पिवळ्या करणारा हळद्या रोग भेंडीची बाग बघता बघता संपवतो. या वाणात त्याच्याशी झुंजायची ताकद मुद्दाम आणलेली आहे. शिवाय हा संकरित वाण नाही, त्यामुळे पुढच्या वर्षीचं बी घरीच धरता येतं.

किती झाडं लावायची, याचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत आणि मग नाराज होतात. भरात आलेलं झाड दोन दिवसांआड एक-दोन भेंड्या देतं. पाव किलोत पंधरा-वीस भेंड्या बसतात. म्हणजे चार माणसांच्या घरात एका वेळची भाजी हवी असेल, तर दहा-बारा झाडं लागतात. दोन कुंड्यांत हौस होते, भाजी होत नाही. आणि भेंडी तोडायला चुकू नका. फूल उमलल्यावर पाच-सहा दिवसांत ती तोडण्याजोगी होते. दोन दिवस जास्त राहिली तर जून होते, आणि झाडाला बी धरल्याचं समाधान मिळून ते नवी फुलं कमी काढतं.

गवार आणि चवळी याच काळात पेरावी. माठ तर पेराच. राजगिऱ्याच्या या कुळाची रचनाच अशी आहे की कडक उन्हात, कमी पाण्यात तो इतर पालेभाज्यांपेक्षा जोमाने अन्न तयार करतो. गोव्यात ज्याला तांबडी भाजी म्हणतात, तो लाल माठ. मुळासकट न उपटता चार बोटं ठेवून खुडला तर पुन्हा फुटतो. काकडी, दुधी, दोडका यांच्या बिया आत्ताच टोचून ठेवा. वेलांवर पुढचा अख्खा लेख आहे. तोवर एवढंच ध्यानात असू द्या की दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्याच्याच जवळच्या नात्यातल्या घोसाळ्याचं पहाटे.

पुदिन्याला बी लागत नाही. मंडईतल्या जुडीतल्या चार जाड काड्या निवडा, खालची पानं काढून पेल्यात पाण्यात ठेवा. आठवड्यात पांढरी मुळं फुटतात. गवती चहाचा एखादा फुटवा शेजारून मागून आणा. पानओव्याची फांदी नुसती खोचली तरी लागते. आलं-हळद मात्र अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबू दे.

आता मला ज्याच्यासाठी हा लेख लिहायचा होता, ते. गच्चीवरची झाडं उन्हाने मरतात असं आपण म्हणतो. माझ्या पाहण्यात ती मरतात उघड्या मातीमुळे. शेतातल्या मातीला खाली ओलाव्याचा आधार असतो. कुंडीला वरून ऊन, बाजूने ऊन आणि खालून तापलेला स्लॅब. सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं आणि तापलेल्या मातीत वरवरची कोवळी मुळं भाजतात. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवली की खालची झळ तुटते. वरची झळ तोडायला पांघरूण लागतं, आणि ते नेमकं याच दिवसांत रस्त्यावर पडलेलं असतं. देशी बदामाची पानं लाल होऊन गळताहेत, पिंपळ उघडा होतोय, शिरीषाखाली पिवळा सडा आहे. ऊन वाढण्याच्या तोंडावर झाडं आपल्या बुडाशी पानं अंथरतात. रानात ती कुणी झाडून नेत नाही, म्हणून तिथली माती वैशाखातही पानांखाली दमट असते.

शहरात आपण ती गोळा करतो आणि पेटवतो. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये बंदी घातली, ५,००० रुपयांचा दंडही ठरवला. तरी फेब्रुवारीत सकाळी फिरायला निघालं की कोपऱ्याकोपऱ्यावर धूर असतो. मला तो बघवत नाही. कोल्हापूरचे गणितज्ञ श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून आयुष्यभर हेच शिकवलं की शेतीचा हिशेब उन्हापासून मांडायचा. पान म्हणजे साठवलेलं ऊन. वाळला पाला भिजवून, मातीचे थर देऊन त्यांनी सुपीक माती घडवायची रीत बसवली. आपण तीच ठेव काडी लावून संपवतो.

सोसायटीच्या झाडणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवा; चार पोती पाला सहज मिळतो. बदाम, फणस, आंबा यांची जाड पानं हाताने चुरून घ्या. नीलगिरीची नकोत. कुंडीत दोन-तीन इंचांचा थर द्या. खोडाला मात्र चिकटवू नका, बोटभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर ओल धरून खोड कुजतं. बी पेरलेल्या डब्यावर रोपं वीतभर होईपर्यंत थर अगदी विरळ ठेवायचा.

पहिल्या वर्षी मी उत्साहाने वाळला पाला मातीत कालवला आणि वर मेथी पेरली. मेथी उगवली ती पिवळी, आणि तशीच खुरटली. वाळल्या पानांत कर्ब भरपूर आणि नत्र फार थोडं असतं. ती मातीत गेली की कुजवणारे जीवाणू लागणारं नत्र भोवतालच्या मातीतून ओढून घेतात आणि रोपांच्या वाट्याला काही उरत नाही. पाला वर अंथरला तर ही ओढाताण पृष्ठभागापुरती राहते आणि खालचा थर सावकाश खत होत जातो. कालवायचाच असेल तर आधी शेणकाला शिंपडून दोन-तीन महिने पोत्यात मुरवावा. आज भरलेलं पोतं मृगाच्या पेरणीला उपयोगी पडेल.

पाणी सकाळी आठच्या आत, पाल्यावरून सावकाश. दुसऱ्या दिवशी पाला बाजूला सारून पेरभर बोट मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

आज रात्री भेंडीचं बी भिजत घाला. वाटीत वर तरंगणाऱ्या बिया सकाळी काढून टाका, बुडालेल्या पेरा.