काळजी देवापुढे मांडताना
वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल १९३०च्या दशकात नाझरीन या ख्रिस्ती मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी उभं केलं. मिशनच्या त्या कामात औषधाच्या जोडीला प्रार्थनाही होती. मला ही जोड फार मोलाची वाटते. ख्रिस्ती श्रद्धेत काळजी मनात दाबून ठेवायची नसते, देवापुढे बोलून दाखवायची असते. संत पौलाने फिलिप्पैकरांना कैदेतून पत्र लिहिलं, त्यात मागणं मांडा आणि आभारही माना, असं सांगितलं. म्हणून सोयाबीनचा भाव, बँकेचा हप्ता, लेकीची परीक्षा असं एकेक नाव घेऊन प्रार्थना करावी. मंडळीतलं कुणी सोबत बसलं तर जीव हलका होतो. झोप उडाली, छाती धडधडत राहिली, तर डॉक्टरांनाही दाखवा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.